उजव्या पायाचा बूट

बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. पडदा काळा.

काळाच.

वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली, आणि

लाईट गेली.

●

पुन्हा. जरा आधीपासून.

बोईसर स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान, दुकानाच्या अंगाने लोखंडी जिना, जिन्याच्या वर ललित सरांचा कॉम्प्युटर क्लास. दारावर पाटी: ‘चपला व बूट बाहेर काढावेत. धूळ आत आल्यास संगणक आजारी पडतो.’ पाटीखाली चपलांचा ढीग. ढिगात बुटांचा एकच जोड, काळा, पुढून लोखंडी टोपीचा, कंपनीत घालतात तसला.

स्वातीने आपल्या चपला त्या बुटांशेजारी काढल्या. असले बूट दिसले तरी तिच्या पोटऱ्या दुखतात. तीन वर्षं ती तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. आठ तास उभं, पायात गमबूट. स्टोअरमध्ये सगळ्यात लहान गमबूट आठ नंबरचा. स्वातीचा पाय चार नंबरचा. उरलेल्या जागेत ती चिंध्या कोंबते.

आज शनिवार, सुट्टी टाकलीय. कारण इथे एक जागा आहे: सकाळच्या मोठ्या माणसांच्या बॅचला शिकवायची. जागा एक, उमेदवार दोन. मिळाली तर गमबूट स्टोअरला परत. नाही मिळाली तर सोमवारी सात वाजता गेटवर.

सकाळी पाड्यावरून निघताना बुधा, तिचा बाप, पायात अडकवायच्या दोरीच्या वेढ्याला तेल लावत बसला होता.

“साडेचारला वर असंन,” तो म्हणाला. “तवा फोन कर.”

वर म्हणजे ताडावर. पाड्यात मोबाईलला रेंज नाही. रेंज आहे ती ताडाच्या शेंड्याला. बुधा ताडी उतरवायला सकाळ-संध्याकाळ चढतो, तेव्हा शर्टाच्या खिशात पाड्यातले चार-पाच फोन घेऊन चढतो. वर पोचला की सगळे एकदम टिंग टिंग करायला लागतात. मग तो ताडी आणि निरोप दोन्ही खाली आणतो.

“आन नाय मिळालं तर?” स्वातीने विचारलं.

“तरी कर. वरून सगलं बारीकच दिसतं.”

●

ललित सरांनी नियम सांगितला. सर पन्नाशीचे, खिशाला तीन पेनं, त्यातलं चालणारं कुठलं ते त्यांनाही माहीत नाही.

“वीस वीस मिनिटं. विषय दोघांना एकच: कॉम्प्युटर चालू होतो, म्हणजे आत नक्की काय होतं? मी मार्क देणार नाही. शेवटी बॅचमधल्या कुणालाही उठवणार आणि विचारणार. ज्याचं शिकवलेलं त्याच्या तोंडून बाहेर येईल, जागा त्याची. पहिला अनुज.”

अनुज म्हणजे दुसरा उमेदवार. पालघरचा, डिग्रीवाला, इस्त्रीचा शर्ट.

बॅचमध्ये अकरा जण. सगळ्यात पुढे हंसामावशी, मुरब्याची, सकाळची मासळी विकून टोपली खालच्या मोबाईलच्या दुकानात ठेवून आलेली. ती का शिकते, तर त्यांच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर आलाय. “तिथला कारकून कायतरी टिपटिप करतो आनि सांगतो, मावशी, झालं. काय झालं, ते मला बघायचं हाय.” तिच्या शेजारी दामू, सालवडला राहणारा कंत्राटी कामगार, पाळी संपवून तसाच आलेला. बाहेरचे लोखंडी टोपीचे बूट त्याचे.

अनुज उभा राहिला. भिंतीवर चित्रं उमटली, बाणांवर बाण.

“संगणक सुरू होण्याच्या क्रियेला बूटिंग असं म्हणतात. बूटिंग म्हणजेच बूटस्ट्रॅपिंग. याचे प्रकार दोन. कोल्ड बूट आणि वॉर्म बूट.”

“थंड बूट आनि गरम बूट?” हंसामावशी दामूच्या कानात.

“गरम माझे,” दामू म्हणाला. “आत्ताच काढलेत.”

अनुज वीस मिनिटं बोलला, एकदाही अडखळला नाही. मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली, तर ती एकेकाकडून पुढे सरकत हंसामावशीपर्यंत आली. पण अनुजचं एक अक्षर चुकलं नव्हतं, आणि स्वातीच्या हातातल्या कागदावर नेमकी तीच अक्षरं होती, तशीच, त्याच क्रमाने, पाठ केलेली. तिने कागद चुरगळला.

मग ती पुढे आली आणि तिने पहिलं काम केलं ते कॉम्प्युटर बंद.

“अगं, बंद कशाला?” अनुज.

“चालू होताना दाखवायचाय ना? बंद केल्याशिवाय कसा दाखवू?”

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. लिहिलं गेलं नाही. दुसरं पेन काढलं.

स्वातीने बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. पडदा काळा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली, आणि

●

“यूपीएस दिवाळीपासून मेलाय,” अंधारात सर म्हणाले. उन्हाचा ताप नको म्हणून खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, म्हणून सकाळी अकरा वाजता अंधार. “येईल. बसा.”

आली.

“तुझी दोन मिनिटं गेली,” सर म्हणाले. “मोजतोय मी.”

●

पुन्हा बटण. पंखा. काळा पडदा. पांढरी रेघ. “बघा, बघा, आता बघा,” स्वाती म्हणाली, “आत्ता आत कोणीच जागं नाही, आणि तरी—” बीप. अक्षरं भराभरा वर सरकली. निळा उजेड. खिडक्या, चित्रं, घड्याळ. अकरा जण जरा पुढे झुकले.

“याला म्हणतात बूट होणं.”

“बूट का गो?” हंसामावशी. “कॉम्पुटरला पाय कुटं?”

हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून स्वाती दहा वर्षं थांबली होती. तिला उत्तर येत होतं. अनुजने न सांगितलेलं, तिच्या कागदावर नसलेलं, तिचं स्वतःचं.

ते उत्तर असं:

आश्रमशाळेत एक कॉम्प्युटर होता. मुलं साडेतीनशे. बूट एकाच माणसाला, नरहरी सरांना. बाकी सगळी शाळा अनवाणी. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि पुढे काही नाही. मग नरहरी सर मागे सरकायचे, उजव्या पायातल्या बुटाने डब्याच्या डाव्या बाजूला, खालून चार बोटं वर, एक ठोका द्यायचे. बीप! चालू. सर म्हणायचे, “झाला बूट.”

अनवाणी पायाने तो व्हायचा नाही. मुलांनी करून बघितलं. एका चुलतभावाचा अंगठा सुजला. म्हणून सर बूट काढून द्यायचे. पाळीपाळीने घालायचा, हजेरी क्रमांकाने. “आज बूट कोणाचा?” असं सकाळी विचारलं जायचं, आणि ज्याचा असेल तो दिवसभर ताठ चालायचा. नऊ नंबरच्या त्या बुटात स्वातीचा पाय होडीत ठेवल्यासारखा व्हायचा. तिने ठोका दिला. बीप झाला. तिच्या पायाने एक यंत्र जागं झालं! त्या दिवशी तिने ठरवलं होतं की आपण हेच करायचं.

पुढे सरांची बदली झाली. जाताना ते उजव्या पायाचा बूट ठेवून गेले. वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यावर. वरती खडूने: ‘चालू करण्यासाठी.’ सर एसटीत चढले तेव्हा डाव्या पायात बूट होता आणि उजव्यात स्लिपर.

“म्हणून बूट,” स्वाती म्हणाली. “बुटाने ठोका द्यायचा, म्हणून.”

हंसामावशीने मान डोलावली. पटलं. सगळ्यांना पटलं. मागून मात्र

“सॉरी,” अनुज म्हणाला. तो तोंडावर हात धरून हसत होता. “सॉरी, खरंच सॉरी. लाथ मारायची म्हणून बूट? अगं, बूटस्ट्रॅप. त्यातून आलाय तो शब्द.”

“बूटस्ट्रॅप म्हणजे?”

“बूटिंग.”

“आणि बूटिंग म्हणजे?”

“बूटस्ट्रॅप,” हंसामावशीनेच उत्तर दिलं, आणि बॅच फुटली. दामू बाकावर हात आपटून हसला.

पण ते हसू अनुजवर किती आणि आपल्यावर किती, हे स्वातीला कळेना. तिचे कान तापले. दहा वर्षं. दहा वर्षं ती हेच सांगत आली होती, चुलत भावंडांना, पाड्यातल्या पोरींना, एकदा तर बापाला, ताडाखाली बसून, हातवारे करून.

“म्हणजे,” ती म्हणाली, “तो शब्द मुळात—”

लाईट गेली.

●

सरांनी दार उघडं टाकलं. “चहा घ्या. आली की तुझी उरलेली आठ मिनिटं.”

आठ.

जिन्याच्या वरच्या पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी, स्वाती बसली. खाली रिक्षावाले सीट भरायला ओरडत होते. तारापूर, तारापूर, एक सीट. सोमवारी त्याच रिक्षात बसायचं. तिने डोळे पुसले नाहीत, कारण अनुज चहाचे दोन ग्लास घेऊन येत होता.

“रागावलीस?”

“बूटस्ट्रॅप म्हणजे काय, ते सांग.”

“टर्म आहे ती. टर्मला अर्थ नसतो.”

“बूट म्हणजे बूट. आणि स्ट्रॅप?”

“पट्टा.” तो थांबला. “बुटाचा पट्टा. पण बुटाच्या पट्ट्याचा इथे काय...” त्याने चहा पायरीवर ठेवला आणि फोन काढला. शोधलं. वाचायला लागला, ओठ हलवत. मग मोठ्याने, तोडून तोडून:

“तिकडे पूर्वीच्या लांब बुटांना पट्टा असायचा. धरून ओढायला, म्हणजे पाय आत जातो. तर लोक म्हणायचे... की स्वतःच्या बुटांचे पट्टे धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं.”

“असं कुठे होतं?”

“होतच नाही. म्हणूनच म्हणायचे. न होणारी गोष्ट. मग साधारण सत्तर वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवाल्यांनी तो शब्द घेतला. कारण मशीनला काहीही करायचं तर आत प्रोग्राम लागतो. आणि प्रोग्राम आत घ्यायचा...” अनुजचा आवाज बदलला. “...तर तो आत घेणारा प्रोग्राम आधी आत लागतो.”

अनुजने फोनवरची ती ओळ पुन्हा वाचली.

“अरेच्चा,” अनुज म्हणाला. डिग्रीवाला अनुज. “हे मी चार वर्षं लिहितोय पेपरात!”

“मग तो आत येतो कसा? पहिला?”

“थांब, थांब, लिहिलंय. एक अगदी छोटा तुकडा चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. लाईट गेली तरी तो पुसला जात नाही. तो उठतो आणि फक्त पुढचा तुकडा कुठे आहे ते बघतो. त्याला ओढतो. तो त्याच्याहून मोठ्याला ओढतो. तो त्याच्याहून...”

स्वाती ऐकत नव्हती. ती दामूच्या बुटांकडे बघत होती. टाचेच्या वर, मागच्या बाजूला, कापडी पट्टीचा एक छोटा फास शिवलेला होता. बोट घालून ओढायला. रोज बघितलेला. तिने बोट घातलं. ओढलं. बूट वर आला, सुटा, हलका.

बुटात माणूस नव्हता म्हणून.

पायाला पट्टा. पट्ट्याच्या जोरावर वर. न होणारी गोष्ट.

“मी बघितलंय,” ती म्हणाली.

“काय?”

“पायाच्या पट्ट्यावर वर जाणारा माणूस. रोज दोनदा. सकाळी आणि साडेचारला.”

आत पंखे फिरायला लागले. कुणीतरी ओरडलं, “आली!”

●

आठ मिनिटं.

स्वातीने बटणाला हात लावला नाही. ती आत आली ती हातात दामूचे बूट घेऊन.

“पाटी—” सर म्हणाले.

“सर, आठ मिनिटं. दामूदादा, बूट घाला. इथे या, मधोमध. मागचे पट्टे धरा, दोन्ही हातांनी दोन्ही. धरलेत? आता स्वतःला उचला.”

“काय?”

“स्वतःला. जमिनीवरून. वर.”

दामू वाकला. पट्टे धरले. ओढले. चेहरा लाल. “जोर लाव रे!” मागून. “जेवला नाय काय?” दामूने दात आवळून असा हिसका दिला की तो उचलला गेलाच, पण मागे, आणि बाकावर जाऊन बसला. टाळ्या.

“का नाही झालं?”

“सवताच्या वजनाला सवताच कसा उचलील?” हंसामावशी. “पाय वर ओढतो तवा आंग खाली जातं.”

“बरोबर! हे होतच नाही. आणि कॉम्प्युटरलाही हेच करायचं असतं. लाईट आली. आतमध्ये रिकामं. उठवायला कोणी नाही. त्याचं त्यानेच उठायचं. म्हणून त्या लोकांनी नाव दिलं, बुटाचा पट्टा. बूट. मी मघाशी चुकीचं सांगितलं. लाथेचा बूट नाही. पट्ट्याचा.”

“मंग तो उटतो कसा?” हंसामावशी उभी राहिली होती. तिला खरंच कळत नव्हतं आणि खरंच हवं होतं. “दामूला जमलं नाय, त्याला कसा जमतो?”

क्लासच्या मध्यावर, पत्र्याला आधार म्हणून, लोखंडी खांब आहे. गोल, मांडीएवढा. त्यावर ‘खांबाला टेकू नये’ असं लिहिलंय.

स्वातीने ओढणी काढली. पीळ दिला. दोन टोकांना गाठ. तो वेढा जमिनीवर टाकून दोन्ही पाय त्यात घातले, घोट्यांशी ताणला. खांबाला टेकली.

“स्वाती,” सर म्हणाले, “तू काय—”

तिने हातांनी खांब धरला, पाय वर घेतले, वेढ्याने दोन्ही तळवे खांबावर दाबले गेले. रोवले गेले. ती उभी राहिली, खांबावर, जमिनीपासून वीतभर वर.

“वीतभर,” ती म्हणाली. “एवढंच. एका उडीत शेंडा नाय मिळत.”

पाय रोवला, हात वर. हात रोवला, पाय वर. वेढा करकरला. आणखी वीतभर. आणखी. बोलता बोलता तिची भाषा खांबासोबत वर चालली होती, क्लासमधून पाड्याकडे. “माझा बाप असा ताडावर चढतो. पायात वेढा हाय, धरून वर जातो. त्याला कोन उचलतो?”

“तोच!” दामू.

“आन ताड नसला तर?”

मग हंसामावशी, हळूच, “पडंल दामूसारखा.”

“आता बघा! ताड उभाच हाय. तो बापाने लावलेला नाय. आधीपासून हाय, रात्री हाय, कोनी नसताना हाय. कॉम्प्युटरच्या आत तशी एक चिप हाय. लाईट गेली का बाकीचे सगळे इसरतात, ती इसरत नाय. तिच्यात कोरलेलं थोडंच असतं, वीतभर. बटन दाबलं का पहिलं ते उठतं. पांढरी रेघ दिसली ना मघाशी? तो रोवलेला पाय. मग ते बघतं, माझी मेमरी हाय का, कीबोर्ड हाय का. सगळं जागेवर असलं का बीप! तो वर गेलेला हात. मग डिस्कवरनं एक छोटा तुकडा ओढतं. तो तुकडा त्याच्याहून मोठा ओढतो. पाय, हात, पाय, हात...”

टण्ण. तिचं डोकं पत्र्याला लागलं.

“...आन शेंड्याला पोचलं,” ती वरून म्हणाली, “का रेंज येते. खिशातले सगळे फोन एकदम वाजतात. ती खिडक्या, चित्रं, घड्याळ. ते आपन बघतो. पन चढाई झालेली असते काळ्या पडद्यात.”

क्लास वर बघत होता, अकरा माना मागे टाकून. बारावी मान अनुजची. सरांचं तिसरं पेन हातातच होतं, टोपण न काढलेलं.

“वेळ संपली,” सर म्हणाले. “खाली ये आधी. खांब हलतोय.”

ती घसरत खाली आली, शेवटी उडी टाकली, आणि तिचा पाय टेबलाला लागला. टेबल हललं. वरचा डबा हलला.

त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

●

“हंसाबाई, उठा,” सर म्हणाले. “कॉम्प्युटर चालू करा आणि काय होतंय ते बोलत जा.”

स्वातीचा श्वास अजून खाली आला नव्हता. अनुज तिच्याशेजारी येऊन उभा राहिला, हाताची घडी, नजर पडद्यावर.

हंसामावशीने पदर खोचला. बोट पुसलं. बटण दाबलं.

पंखा घरघरला.

पडदा काळा.

काळाच.

रेघ नाही.

“काय होतंय?” सर.

हंसामावशी वाकून बघत राहिली. एक क्षण. दोन. स्वातीला वाटलं: आता ती बिचकणार, आता म्हणणार मला नाय जमत, आणि सोमवारी तारापूर, एक सीट.

“पंखा फिरतो,” हंसामावशी म्हणाली. “म्हंजे लाईट हाय. ताड जाग्यावर हाय. पन रेघ नाय, बीप नाय. म्हंजे शेंड्याला कायपन नाय झालेलं. डिस्कपरयंत तर हा पोचलाच नाय.” तिने काळ्या पडद्यावर अगदी तळाशी बोट टेकलं. “हा इथं अडलाय. पयल्या वितीत. पायातला वेढा सैल हाय.”

सरांनी पेन खाली ठेवलं.

“बरोबर,” अनुज पुटपुटला. “अगदी बरोबर! मेमरीची पट्टी सैल झाली असणार. तेव्हा असंच होतं.”

“आता?” सर म्हणाले. “दुसरं मशीन जोडायला अर्धा तास जाईल.”

स्वाती डब्याकडे बघत होती. जुना डबा, पिवळट, आश्रमशाळेत होता तसलाच. तिने दामूकडे बघितलं. दामूने तिच्याकडे. दामूने खाली आपल्या पायांकडे.

“नाही,” सर म्हणाले. “नाही हं. तूच आत्ता सांगितलंस की लाथेचा नाही—”

दामूने उजवा बूट काढला होता. स्वातीने पाय घातला. नऊ नंबर. होडी.

डाव्या बाजूला. खालून चार बोटं वर. टेबल उंच होतं म्हणून अनुजने न सांगता स्टूल सरकवलं आणि तिचा हात धरला. एक ठोका. फार जोरात नाही. नरहरी सर देत तसा.

पांढरी रेघ.

बीप!

“पाय रोवला!” हंसामावशी ओरडली. अक्षरं वर सरकायला लागली तशी ती हातवारे करून, “हात! पाय! हात! पाय!” आणि मागची बाकं तिच्यासोबत, खलाशी दोर ओढतात तशी, आवाजाला आवाज, “हात! पाय!” खालच्या दुकानातला माणूस जिना चढून वर आला की काय पडलं म्हणून, आणि नेमका तेव्हा पडदा निळा झाला, खिडक्या, चित्रं, घड्याळ, सगळं एकदम.

“वाजले फोन,” हंसामावशी म्हणाली आणि खाली बसली. “झालं. आता मला कळलं, काय झालं.”

गोंगाट ओसरायला वेळ लागला. सर डब्याभोवती फिरले, ठोका बसला ती जागा बघितली, रुमालाने पुसली.

“हे असं रोज चालणार नाही,” ते म्हणाले.

“नाय सर. नाही. उघडून ती पट्टी नीट बसवायला लागेल. आजच बसवते. नाहीतर उद्या येऊ?”

“उद्या रविवार.” सरांनी खिशातून पहिलं पेन काढलं, वहीवर घासलं, चाललं. “सोमवारी बसव. बॅच आठची आहे, तू साडेसातला ये. आणि बूट बाहेर.”

स्वाती हो म्हणायला तोंड उघडून उभी राहिली, एका पायात बूट, एका पायात काही नाही.

“हो म्हण गं,” अनुज म्हणाला. “नाहीतर मी म्हणतो.”

●

साडेचार. परतीच्या वाटेवर पालघरचा एसटी स्टँड, पाड्याकडची गाडी लागायला अजून वेळ. तिने फोन लावला. एक रिंग. दोन. मग वारा, झावळ्यांची खसखस, आणि मागे टिंग, टिंग, टिंग.

“बोल,” बुधा म्हणाला. “वर हाय.”

“आबा—”

“चालू झाला?”

“झाला.”

“बूट द्याया लागला का?”

“लागला.”

तो हसला. झावळ्या जोरात हलल्या. “थांब गो पोरी, हसवू नको. वेढा सैल पडतो.” मग फोन तोंडापासून लांब धरून, खाली, सगळ्या पाड्याला, “बायडे! ए बायडे! चालू झाला!”

फार खालून, फार लांबून, आईचा आवाज आला. “काय चालू झाला?”

“आपली स्वा

फोन कटला.

स्वातीने पुन्हा लावला.